कार्बनची फ्रेम आणि इतिहासाची साधनचिकित्सा

१/
गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीतील एका इमारतीच्या जिन्याखाली मी एका रोड बाइकची कार्बन फ्रेम हातात घेऊन उभी होते. फ्रेम जुनी, रंग मात्र नवा. किंमत माझ्या शिष्यवृत्तीच्या बचतीत बसणारी. विक्रेत्याचे पालुपद एकच : "कधी पडलेली नाही." ती घ्यावी की नाही, हे ठरवताना जो इतिहास धुंडाळला, तो या धाग्यात मांडते आहे. #इतिहास #सायकल

२/
रविवारी पहाटे येऊरच्या चढावर, घोडबंदर रस्त्यावर किंवा टिटवाळ्याच्या वाटेवर उभे राहा. कार्बनच्या सायकली सहज दिसतील. नवी घ्यायची तर लाखाच्या पुढेच जावे लागते. म्हणून आमच्यासारखे विद्यार्थी वापरलेल्या फ्रेमकडे किंवा थेट चीनहून येणाऱ्या अनोळखी नावाच्या फ्रेमकडे वळतात. मग पहिला प्रश्न पडतो : "किती ग्रॅम?" माझ्या मते तो प्रश्न शेवटचा असावा.

३/
प्रारंभ पोलादापासून करू. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सुरक्षित सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. पुढील काही वर्षांत तिच्या फ्रेमला दोन त्रिकोणांचा आकार आला. आज कार्बनच्या फ्रेममध्येही मूळ आकृती तीच आहे. बदलला तो पदार्थ.

४/
पोलादी नळ्यांचे तंत्र बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत वाढले. बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ही १८६१ मध्ये बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी स्थापन केलेली कंपनी. १८८०च्या दशकात ती सायकलींकडे वळली. रेनॉल्ड्स हे मूळचे खिळे बनवणारे. त्यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. ताण सांध्यापाशी अधिक, म्हणून धातूही तेथे अधिक.

५/
१९३५ मध्ये रेनॉल्ड्सची '५३१' ही मिश्र पोलादाची नळी आली आणि पुढे अनेक दशके ती उत्तम फ्रेमची खूण ठरली. पण '५३१'चे लेबल कोणत्याही फ्रेमवर चिकटवता येते. म्हणून जाणकार सीटची दांडी काढून तिचा व्यास मोजत. तो २७.२ मिलिमीटर भरला, तर आतली नळी पातळ आणि उंची असण्याचा संभव मोठा. लेबलाचा दावा वस्तूवरच पडताळण्याची ही रीत ध्यानात ठेवा; पुढे ती कामास येणार आहे.

६/
आता आपल्याकडे येऊ. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो. यांपैकी हिंद आणि सेन-रॅले पुढे डबघाईला आल्या आणि १९८०च्या कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. वरळीत सायकली बनत होत्या, हे आज तेथील काचेच्या मनोऱ्यांकडे पाहून पटणेही कठीण.

७/
ती काळी, दांडीची, मागे कॅरियर असलेली सायकल साधारण वीस किलोंची. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, अंबरनाथच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार तिच्यावर डबा अडकवून निघे. माझे आजोबाही त्यांतलेच. फ्रेम तडकली तर नाक्यावरचा वेल्डिंगवाला ती जोडून देई आणि तो जोड सर्वांना दिसे.

८/
पोलादाचा हा मोठा गुण : ते बहुधा आधी वाकते, मग मोडते. रंग उडतो, गंज दिसतो, भेग डोळ्यांनी हेरता येते. १९२३ ते १९२८ या काळात आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या मुंबईच्या पारशी तरुणांनी सायकलवरून जगप्रदक्षिणा केली, तीही पोलादाच्याच बळावर. वाटेत काही मोडले तर लोहार कोठेही भेटू शकत होता.

९/
कार्बनची कथा मात्र भट्टीत सुरू होते, आणि तिचा एक धागा थेट कल्याणच्या परिसराशी जुळतो. शहाडचा सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याचा एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, हे कारखाने उल्हास नदीच्या आश्रयाने उभे राहिले. एनआरसी २००९ मध्ये बंद पडला. शहाड स्थानकावरून जाताना रेयॉनचे नाव प्रत्येकाने वाचलेले असते. रेयॉन म्हणजे काय, हे क्वचितच कोणी विचारते.

१०/
लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साह्याने विरघळवायचा आणि तो दाट द्रव बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा. तेथे त्याचा धागा बनतो, तोच रेयॉन. त्याचे कापड होते आणि टायरच्या आत घालायचा मजबूत दोराही. कापूस आणि रेशीम यांच्या मधले हे मानवनिर्मित सूत.

११/
अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये रॉजर बेकन यांना ग्रॅफाइटचे केसासारखे, अतिशय बळकट तंतू मिळाले. त्याच सुमारास त्या कंपनीने रेयॉनचे सूत हवेवाचून भाजून कार्बनचे कापड तयार केले. आपल्या कोळशाच्या भट्टीचेच तत्त्व, पण तापमान हजारो अंशांचे. पहिले मोठे गिऱ्हाईक होते क्षेपणास्त्रे. कल्याणचे रेयॉन कापडाकडे आणि टायरकडे गेले, तिकडचे अग्निबाणांकडे. कूळ मात्र एकच.

१२/
पुढे जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी रेयॉनऐवजी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा मार्ग दाखवला. स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचे हे भावंड. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेने १९६०च्या दशकात तंतूंचे बळ वाढवले आणि १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने व्यापारी उत्पादन सुरू केले. आज सायकलीच्या जाहिरातीत 'टी७००' किंवा 'टी८००' असे दिसते, ती तोरेच्याच तंतूंची नावे.

१३/
१९७०च्या दशकात सायकलीत कार्बन आला तो नळ्यांच्या रूपाने. कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांत गोंदाने बसवलेल्या असत आणि दुखणे नेमके त्या सांध्यांत होते. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. खाडीकाठच्या ठाण्यात जुनी फ्रेम पाहणाऱ्याने हे विसरू नये. सीटची दांडी आत कायमची अडकलेली नाही ना, हे आधी हलवून पाहावे.

१४/
१९८६ मध्ये ग्रेग लेमाँड यांनी लूक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. पोलादी फ्रेमवरचा तेथील अखेरचा विजय १९९४चा, मिगेल इंदुराइन यांचा. नंतर सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की जागतिक सायकल महासंघाला २००० पासून शर्यतीच्या सायकलीसाठी किमान ६.८ किलोंची मर्यादा घालावी लागली. आपल्या काळ्या सायकलीचा जेमतेम तिसरा हिस्सा!

१५/
फ्रेम बनवण्याचे केंद्रही सरकले. तैवानची जायंट ही १९७२ची कंपनी; आरंभी इतरांच्या नावाने सायकली बनवणारी. पुढे तैचुंगपासून चीनमधील शियामेन-शेनझेनपर्यंत कारखान्यांचे जाळे पसरले. कामाचे स्वरूप आजही बव्हंशी हातांचेच आहे. राळ लावलेल्या कार्बन-कापडाचे शेकडो तुकडे ठरलेल्या दिशेने साच्यात रचायचे, आतून हवेच्या पिशवीने दाबायचे आणि भाजायचे.

१६/
येथेच स्वस्ताईचे कोडे आहे. दोन फ्रेमचा आकार, रंग आणि तंतू सारखे असू शकतात. फरक पडतो तो तुकडा कोणत्या कोनात ठेवला, कापडाला सुरकुती पडली का, राळ सगळीकडे पोचली का आणि भाजल्यावर कोणी तपासले का, यात. या गोष्टी रंगाखाली कायमच्या दडतात. पोलादाची भेग दिसे. कार्बनची चूक पुष्कळदा मोडल्यावरच दिसते.

१७/
म्हणून स्वस्त फ्रेमचे तीन वर्ग वेगळे ओळखा. पहिला, नामांकित कंपनीची जुनी फ्रेम. दुसरा, कारखान्याने स्वतःच्या किंवा अनोळखी नावाने उघडपणे विकलेली फ्रेम. तिसरा, नामांकित कंपनीचे खोटे नाव रंगवलेली फ्रेम. पहिल्या दोहोंत चांगले-वाईट दोन्ही सापडते. तिसरीला हात लावू नये. जो नावाविषयी खोटे बोलला, तो आतल्या थरांविषयी खरे का बोलेल?

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. जुनी सनद हाती आली की आपण प्रथम बाह्य चिकित्सा करतो : कागद कोणता, शिक्का कोणाचा, दप्तर कोणते, ती येथवर कोणाच्या हातून आली. फ्रेमलाही हेच विचारा. क्रमांक खोडलेला आहे का? मूळ पावती आहे का? बनवणाऱ्याचे नाव आणि हमी आहे का? आयएसओ ४२१० या सुरक्षा-मानकाची चाचणी कोणी आणि कोणत्या मापाच्या फ्रेमवर केली? महासंघाचे मान्यतेचे लेबल शर्यतीच्या नियमांपुरते असते. बळकटीची ती हमी नव्हे.

१९/
मग अंतर्गत चिकित्सा, म्हणजे वस्तू स्वतः काय सांगते. फोर्क काढून त्याची वरची नळी पाहा. पेडलांच्या सांध्याभोवती आणि मागच्या दांड्यांवर तिरपा प्रकाश टाका. नाण्याने हलके टकटक करत पुढे सरका. आवाज एकाएकी बद्द झाला तर थांबा. ही परीक्षा अंतिम नव्हे. पण एकाच भागावर नवा रंग असेल, तर तो का दिला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शंका राहिली तर कार्बन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

२०/
तिसरा नियम मौनाचा. साधनात उल्लेख नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे मानता येत नाही. "पडलेली नाही" याचा अर्थ कित्येकदा "माझ्या हातून पडलेली नाही" एवढाच असतो. आधीच्या मालकाचे काय? गाडीच्या टपावर बांधून नेताना पट्टा किती आवळला होता? स्टँडच्या जबड्यात पातळ नळी दाबली गेली होती का?

२१/
आता ग्रॅमचा हिशेब. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरा. फ्रेम ४०० ग्रॅमने हलकी झाली, तर एकूण वजनात जवळपास अर्धा टक्का घट. एक तासाच्या चढावर वाचतात फार तर वीस सेकंद. माळशेजच्या पहिल्या वळणावर फोटोसाठी थांबलात की ते गेले!

२२/
त्यापेक्षा हे पाहा. आपल्या उंचीला आणि हातांच्या लांबीला बसणारे माप. आपल्या खड्ड्यांसाठी २८ ते ३२ मिलिमीटरच्या टायरला पुरेल एवढी जागा. सुटे भाग सहज मिळतील असा डिस्क ब्रेकचा बसाव. आणि पेडलांच्या सांध्यात शक्यतो आट्यांची बैठक, जी साधा मेकॅनिकही बदलू शकतो. या आट्यांच्या मापाला आजही 'बीएसए' म्हणतात. बंदुकांच्या त्या कारखान्याची खूण कार्बनच्या पोटात अशी टिकून आहे.

२३/
जिन्याखालच्या त्या फ्रेमकडे परत जाऊ. क्रमांकाच्या जागी रंगाचा जाड थर होता. मागच्या उजव्या दांडीवर नाण्याचा आवाज बदलला. "आधी कोणाकडे होती?" या माझ्या प्रश्नावर उत्तर आले, "ताई, एवढी चौकशी नव्या गाडीचीही कोणी करत नाही." मी आभार मानले आणि रिकाम्या हाताने निघाले. ती फ्रेम सदोष होती असे मी म्हणत नाही. ती निर्दोष असल्याचा पुरावा नव्हता, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर मागे ट्रक असताना मला तो हवा होता.

२४/
दोन महिन्यांनी मी अ‍ॅल्युमिनियमची नवी फ्रेम घेतली. पुढचा फोर्क तेवढा कार्बनचा, पावती आणि हमीसह. त्या कार्बन फ्रेमहून सुमारे अर्धा किलो जड. आजोबांनी ती उचलून पाहिली आणि एवढेच विचारले, "तुटली तर जोडून कोण देणार?" शंभरेक वर्षांच्या या इतिहासातला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. कार्बन घ्या, जरूर घ्या; पण या प्रश्नाचे उत्तर हाती असेल तेव्हाच.

२५/
धागा येथे संपतो. तुमच्या घरी वरळीच्या हिंद सायकलची जुनी पावती, परवान्याचा बिल्ला किंवा कारखान्याच्या फाटकासमोरच्या सायकलींच्या रांगेचे छायाचित्र असेल, तर कृपया जपून ठेवा आणि येथे दाखवा. आपल्या शहरांचा कामगार इतिहास अशाच कागदांत उरला आहे.