वळिवडे : एका छावणीची दोन वास्तव्ये

निर्वासितांविषयी आपण लिहितो ते बहुधा त्यांच्या प्रवासाविषयी. सीमा ओलांडली की कथा संपली, असा आपल्या इतिहासलेखनाचा आणि काही अंशी फाळणीसाहित्याच्या आपल्या वाचनाचाही कल असतो. वस्तुतः खचलेला देह आणि विस्कटलेले मन सावरण्याचा खडतर काळ त्यानंतरच सुरू होतो. या उत्तरकाळाचा विचार करू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचा इतिहास बरेच काही सांगू शकतो.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत हद्दपार केले. पुढे जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारामुळे त्यांच्या सुटकेचा मार्ग खुला झाला. १९४२ मध्ये जनरल आंदर्स यांच्या सैन्याबरोबर, सैनिक व नागरिक मिळून, एक लाखाहून अधिक माणसे इराणात पोहोचली. प्रलापक ज्वर, हगवण आणि उपासमार यांनी त्यांतली पुष्कळ माणसे सुटकेनंतरच दगावली. काहींच्या उपाशी आतड्यांना समोर आलेले अन्नही पेलले नाही. यांपैकी काही मुलांना जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला. १९४३ पासून वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता, कारण धडधाकट पुरुष आघाडीवर होते.

वसाहतीत रुग्णालय होते. छातीच्या विकाराची भीती असलेल्यांसाठी पाचगणीच्या हवेचा आधार घेतला जाई. परंतु या वसाहतीचे खरे वैशिष्ट्य औषधोपचारात शोधू नये. कुटुंबांना स्वतंत्र खोल्या आणि स्वतःची चूल मिळाली होती; हाती भत्ता येई आणि बाजारहाट स्थानिक विक्रेत्यांकडून करता येई. रांगेत उभे राहून ताटात पडेल ते खाणे आणि आज घरात काय शिजवायचे हे स्वतः ठरवणे, यांत केवळ सोयीचा फरक नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हुकमतीत जगलेल्या आईला त्या चुलीपाशी निर्णयाचा अधिकार परत मिळत होता. पोलिश भाषेतून चालणाऱ्या शाळा, चर्च, नाट्यप्रयोग, बालवीर पथके हे सर्व उपक्रम मुख्यतः पोलिश मंडळींच्याच हाती होते. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत १९४६ मध्ये शब्दबद्ध झाले. वळिवड्याला ते त्यापूर्वीच आचरणात आले होते, असे म्हणता येईल.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक दुवा सापडतो. वांदा दिनोव्स्का आणि मॉरिस फ्रिडमन यांनी १९४४ मध्ये ‘इंडो-पोलिश लायब्ररी’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली आणि भारतीय विचार पोलिश वाचकांपर्यंत नेला. औंध संस्थानाच्या स्वराज्यप्रयोगाशी निगडित असलेले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणणारे फ्रिडमन ते हेच. आपल्या भाषेतले पुस्तक हाती असणे हाही निर्वासितासाठी एक निवारा असतो.

तथापि, या वसाहतीचे गोडवे गाताना तिथल्या असाध्य दुखण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात टाकला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या घरी परतण्याच्या आशेवर माणसे बरी होत होती, ते घरच नकाशावरून सरकले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. थोडे पोलंडला परतले. पुष्कळांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांची वाट धरली.

आणि याच जागी दुसरे वास्तव्य सुरू झाले. फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे या बराकींत राहावयास आली. त्यांतून आजचे गांधीनगर घडले. पोलिश माणसे पाहुणी होती आणि पाठीशी, काही काळ तरी, एक सरकार होते. सिंधी समाज कायमचा राहावयास आला होता. त्याला नागरिकत्व मिळाले, परंतु स्वतःचा भाषिक प्रांत मिळाला नाही. सिंधी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. म्हणजे पोलिश मुलाला परक्या भूमीत मातृभाषेचा जो आधार लाभला, तो स्वदेशात आलेल्या सिंधी मुलाला तितक्या सहजपणे लाभला नाही. या समाजाने स्वतःला सावरले ते मुख्यतः व्यापारातून, स्वकष्टाने.

आपली सामूहिक स्मृती मात्र या दोन वास्तव्यांना सारखे माप लावत नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश स्मारक आहे. २०१९ मध्ये पोलिश मंडळी पुन्हा वळिवड्याला आली, तेव्हा त्यांचे कौतुकाने स्वागत झाले. वॉर्सातील वळिवडे-कोल्हापूर स्मारकाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी भेट दिली. हे योग्यच आहे. गांधीनगर मात्र आपल्याला ठाऊक असते ते कापडाची बाजारपेठ म्हणून. जो निघून गेला त्याच्या आठवणीने आपले औदार्य उजळते. जो शेजारी राहिला त्याची आठवण ठेवायची तर त्याच्याशी रोजचा व्यवहार करावा लागतो, त्याची भाषा ऐकावी लागते. निर्वासिताचे क्षेमकुशल छावणीच्या नोंदवहीत जितके ठरते, तितकेच ते या दीर्घ शेजारात ठरत असते. गांधीनगरातील पहिल्या पिढीच्या आठवणी मराठीत आणण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने हाती घेतले, तर त्या बराकींच्या इतिहासाचा उरलेला अर्धा भाग आपल्याला वाचावयास मिळेल.