त्रैक्य, गुरुपरंपरा आणि डिचोलीचे बिशप



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी ख्रिस्ती धर्मविचारातील विषय का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. गुरूने शिष्याला किती द्यावे आणि कोठवर पोहोचू द्यावे, या प्रश्नाची एक मोठी कसोटी सतराव्या शतकात आपल्या डिचोलीत लागली, हे त्याचे उत्तर. ती समजून घ्यायची तर आरंभ प्राचीन काळापासून केला पाहिजे.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, आणि तरीही परमेश्वर एकच, ही ख्रिस्ती श्रद्धा. या त्रयीसाठी ग्रीक शब्द अंत्युखियाच्या थिओफिलसने इसवी सन 180च्या सुमारास वापरला. लॅटिन शब्द पुढे उत्तर आफ्रिकेतील तर्तुल्यनाने रूढ केला. मूळ, अंकुर आणि फळ किंवा झरा, नदी आणि पाट असे दाखले देऊन तो हे तत्त्व समजावीत असे. दाखल्यांनी वाद मिटला नाही. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून कनिष्ठ, असे चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियसने मांडले. 325 साली निकाया येथील धर्मसभेने ते अमान्य करून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचा निर्णय दिला. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने पवित्र आत्म्याविषयीची श्रद्धाही स्पष्ट केली.

या निर्णयांमागे एक गुरुपरंपरा उभी आहे. तिसऱ्या शतकात पॅलेस्टाइनमधील कैसरिया येथे ऑरिगेन हा थोर आचार्य अध्यापन करीत होता. ग्रेगरी नावाचा तरुण त्याच्यापाशी काही वर्षे शिकला आणि निरोप घेताना त्याने गुरूविषयी केलेले कृतज्ञतापर भाषण आजही उपलब्ध आहे. हा ग्रेगरी पुढे पोंतस प्रांतात बिशप झाला. त्याची शिकवण मॅक्रिना नावाच्या स्त्रीने जतन केली आणि आपल्या नातवंडांच्या कानी घातली. त्या नातवंडांतील बेसिलने पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याचा धाकटा भाऊ, निसाचा ग्रेगरी, 381च्या सभेतील एक प्रमुख विचारवंत ठरला. अशा रीतीने त्रैक्याचा सिद्धांत सभांच्या ठरावांइतकाच पाठशाळेतून आणि आजीच्या मांडीवरून पुढे आला.

आता गोव्याकडे वळू. 1579 साली फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट गोव्यात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. 1616 साली राशोलच्या मुद्रणालयात रोमन लिपीत छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. मुलांना धर्मशिक्षण चालले असता एका श्रोत्याने पादरी गुरूपाशी जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काही मागितले, अशी या काव्याची बैठक आहे. म्हणजे आपल्या भाषेतील हा ग्रंथ शिष्याच्या मागणीतून अवतरतो. मंगलाचरणात त्रैक्याला वंदन आहे. तेथे पित्यासाठी ‘बाप’ आणि दुसऱ्या व्यक्तीसाठी ‘पुत्र’ हे आपले शब्द येतात. तिसऱ्या व्यक्तीचे ‘स्पिरिता सांता’ हे नाव मात्र परकेच राहते. भाषेने दोन पावले टाकली आणि तिसऱ्याशी ती थबकली. ‘त्रिमूर्ती’सारखा तयार शब्द जवळ असता तो घेतला, तर श्रोत्यांच्या मनात भलताच अर्थ उभा राहील, हे जाणणाऱ्याचा हा संयम आहे, असे मला वाटते.

गुरूने शिष्याची भाषा स्वीकारली. शिष्याला गुरूचे आसन मिळणार होते काय? दिवाडी बेटावरील नावेली गावचे मातेउश द कास्त्रु यांना गोव्यात पुरोहितदीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले. तेथे 1622 साली स्थापन झालेल्या धर्मप्रसार-मंडळाचा त्यांना आश्रय मिळाला. तेथेच ते पुरोहित झाले आणि 1637 साली बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला. लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप. पोर्तुगीज सत्तेने त्यांचा अधिकार मानला नाही. डिचोली त्या काळी आदिलशाहीत होती. तेथे त्यांनी आपले ठाणे केले आणि स्थानिक तरुणांना दीक्षा दिली. त्या दीक्षांवरही वाद झाला. अखेर ते रोमला परतले आणि 1677 साली तेथेच निवर्तले.

पुत्र पित्याहून कनिष्ठ नाही, हे ज्या व्यासपीठावरून शिकविले जात होते, तेथेच शिष्य मात्र कायमचा कनिष्ठ मानला जात होता. ईश्वराच्या अंतरंगाविषयीचे तत्त्व मानवी व्यवहाराला जसेच्या तसे लावता येत नाही, हे मी जाणतो. पण ही विसंगती नजरेआड करणेही इतिहासाला धरून होणार नाही. कास्त्रु यांचा लढाही मुख्यतः स्वजातीच्या ब्राह्मणांसाठी होता, हेही सांगितले पाहिजे.

1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचे फर्मान काढले. पुढल्याच वर्षी जुन्या गोव्यात स्थानिक पुरोहितांचे ऑरेटरी मंडळ स्थापन झाले. त्याचेही दार जातीपुरतेच उघडे होते. बाणावलीशी नाते असलेले जोसेफ वाझ लवकरच त्याचे प्रमुख झाले आणि 1687 साली डच अंमलातील श्रीलंकेत वेषांतर करून गेले. त्यांच्यामागून 1705 साली दिवाडीचेच जाकोम गोन्साल्विश तेथे पोहोचले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे ते जनक मानले जातात. साष्टीत परक्या गुरूने शिष्याच्या भाषेसाठी जे केले, ते आता गोव्याच्या शिष्याने गुरू होऊन दुसऱ्या भाषेसाठी केले. 2015 साली वाझ यांना संतपद देण्यात आले.

श्रोतेहो, चांगल्या अध्यापनाची खूण या कथेत स्पष्ट दिसते. शिष्याच्या भाषेत बोलणे ही तिची पहिली पायरी आणि त्याला आपल्या शेजारी बसविणे ही दुसरी. पहिली स्टीफन्सने ओलांडली. दुसरीसाठी कास्त्रु यांना नदी ओलांडून डिचोली गाठावी लागली. आपल्या शाळा-महाविद्यालयांत या दोन पायऱ्यांपैकी आपण कोठे उभे आहोत, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने आपल्यापुरता करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.