पी. पी. क्रमांक ते ई-सिम : ओळख नेमकी कुणाची?

१/ देवळाली प्रवरा येथील आमच्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांवर दूरध्वनी क्रमांकापुढे ‘पी. पी.’ ही अक्षरे आढळतात. अर्थ असा : फोन शेजाऱ्यांचा आहे, हाक मारून बोलावले जाईल. क्रमांक तेव्हा माणसाचा नव्हता, घराचा होता. तांब्याची तार ज्या भिंतीत शिरे, तीच ग्राहकाची ओळख.

२/ मोबाइल आला, तार गेली. मग हवेतून येणारा संदेश कुणाचा, हे ओळखावे कसे? पहिल्या पिढीच्या ॲनालॉग यंत्रणांत ओळख हँडसेटमध्येच नोंदलेली असे आणि ती हवेतून उघडी जाई. कुणी ती टिपून दुसऱ्या हँडसेटमध्ये भरली, की बिल भलत्याच माणसाला!

३/ त्यावरचा उपाय म्हणजे सिम. १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्यासाठी पहिली सिमकार्डे बनवली. ओळख हँडसेटपासून सुटली.

४/ सिममध्ये दोन गोष्टी मुख्य : ग्राहकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक (भारतात ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा) आणि एक गुप्त किल्ली. यंत्रणा एक संख्या पाठवते, कार्ड किल्लीच्या आधारे उत्तर काढते, यंत्रणा ते आपल्याजवळच्या प्रतीशी पडताळते. किल्ली स्वतः हवेत कधीच उतरत नाही.

५/ आपला दहा अंकी क्रमांक मात्र यंत्रणेच्या नोंदवहीतला केवळ पत्ता. म्हणूनच २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलून, नवे सिम घेऊनही क्रमांक तोच ठेवता येऊ लागला. ई-सिममध्ये तर कार्डही गेले. ओळख डाउनलोड होऊन फोनमधल्या चिपमध्ये बसते. प्रश्नोत्तर मात्र तेच.

६/ त्या किल्लीमागचा माणूस कोण, हे शासनालाही हवे असते. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. मार्च २०१७ मध्ये मोबाइल क्रमांक आधारशी जोडण्याचा आदेश निघाला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरवली.

७/ आमच्या आजीचा फोन आजही आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन वर्षे लोटली. बँकेचा ओटीपी तिच्या हातात येतो, कारण यंत्रणा किल्ली ओळखते, हात नाही. उद्या कार्ड हरवले, तर नवे मागायला नोंदीतला ग्राहक येणार नाही. ई-सिमनेही हे कोडे सुटत नाही.

८/ ‘पी. पी.’ क्रमांक निदान प्रामाणिक होता. फोन दुसऱ्याचा आहे, हे पत्रिकेवरच छापलेले असे. आपल्या घरातल्या बायकांचे सिम कुणाच्या नावावर आहे, आज एकदा विचारून पाहा.