घरगुती यंत्रशाळा

घरगुती यंत्रशाळा म्हणजे घराच्या आवारात, पडवीत किंवा शेडमध्ये उभारलेली धातुकामाची छोटी कार्यशाळा होय. यंत्रांची दुरुस्ती करणे आणि बाजारात न मिळणारे सुटे भाग तयार करणे हे तिचे मुख्य उपयोग आहेत.

पार्श्वभूमी
महाराष्ट्रात लहान कार्यशाळेतून यंत्रनिर्मितीकडे झालेल्या वाटचालीचे प्रसिद्ध उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे आहे. बेळगाव येथील सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

केडगाव हे अहिल्यानगर शहराचे पुणे मार्गावरील उपनगर आहे. शहराभोवती शेती असून नागापूर येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा परिसरात शेतीपंप, कडबाकुट्टी व दुचाकी यांच्या दुरुस्तीला कायम मागणी असते. पिकाला पाणी देण्याच्या दिवसांत पंप बंद पडल्यास झिजलेला एक बुशही नुकसानीला कारण ठरू शकतो.

साधने
लेथ हे यंत्रशाळेचे प्रमुख यंत्र आहे. त्याच्या जोडीला ड्रिल मशीन, ग्राइंडर, व्हाइस, कानस, टॅप व डाय लागतात. मोजमापासाठी व्हर्नियर कॅलिपर व मायक्रोमीटर वापरतात. साध्या मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीपर्यंत माप घेता येते.

सुटा भाग बनवण्याची पद्धत
झिजलेल्या भागाची हुबेहूब नक्कल केल्यास त्याची झीजही नव्या भागात उतरते. म्हणून बुशचे बाहेरील माप तो ज्या घरात बसतो त्यावरून, तर आतील माप शाफ्टवरून घेतात. २५ मिमी शाफ्टसाठी साधारणपणे ०.०२५ ते ०.०५ मिमी मोकळीक ठेवतात. दाबून बसवल्यावर बुशचे छिद्र किंचित आकसते. त्यामुळे शेवटचे रीमिंग बुश बसवल्यानंतर केले जाते. आटे पाडताना छिद्राचा व्यास ढोबळमानाने आट्याच्या व्यासातून पिच वजा करून ठरवतात. उदाहरणार्थ, १.७५ मिमी पिचच्या १२ मिमी आट्यासाठी १०.२ मिमीचे ड्रिल वापरतात.

सुरक्षितता व मर्यादा
लेथवर काम करताना हातमोजे, सैल कपडे व मोकळे केस धोकादायक ठरतात. चकची चावी चकमध्ये राहू देऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो. ब्रेक, स्टिअरिंग व दाबपात्रे यांचे भाग घरी बनवणे टाळावे. त्यांत केवळ माप जुळणे पुरेसे नसते, तर धातूचा दर्जा, उष्णतोपचार व चाचणी यांचीही खात्री लागते.

प्रशिक्षण
औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील फिटर, टर्नर व मशिनिस्ट या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत या कामाचे पायाभूत शिक्षण मिळते.