निर्वासितांच्या छपराचा हिशेब

फाळणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजकारणाचा आणि रक्तपाताचा म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगितलाच पाहिजे. परंतु कत्तलीतून, लुटीतून जो माणूस वाचला त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एक अगदी साधा प्रश्न पडला : आज रात्री मुलाबाळांना निजवायचे कोठे, आणि त्या जागेचे भाडे द्यायचे कशातून? या प्रश्नाचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. तो सरकारी हुकूमनाम्यांत, भाड्याच्या पावत्यांत आणि थकबाकीच्या नोटिसांत पडून आहे. आज आम्ही तोच विषय आपल्यापुढे मांडणार आहोत, आणि तो मुख्यतः सिंधी निर्वासितांच्या संबंधाने मांडणार आहोत. आपल्या बाजूच्या कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानाची पायरी चढणाऱ्यास हे लोक परके नाहीत. मात्र ते दुकानाच्या वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत राहावयास कसे आले, हे आम्हांस सहसा ठाऊक नसते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंजाब आणि बंगाल हे प्रांत दुभंगले. सिंध दुभंगला नाही, तो सबंधच्या सबंध पाकिस्तानात गेला. लाहोरच्या पंजाब्याला अमृतसर तरी होते. सिंध्याला आपली भाषा बोलणारा वीतभर प्रांतही हिंदुस्थानात उरला नाही. ऑगस्ट 1947 नंतरही पुष्कळ सिंधी हिंदू घरदार धरून राहिले होते. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल झाली आणि मग मात्र लोंढा सुटला. कोणी कराचीहून बोटीने मुंबईस उतरले, तर कोणी वाळवंटातल्या रेल्वेने जोधपूरकडे आले. यांतले बहुतेक शहरी लोक : दुकानदार, सावकार, शिक्षक, कचेरीतले कारकून. नांगर धरणारे त्यांत थोडे. त्यामुळे त्यांना जमीन देऊन खेड्यात बसवणे हा उपाय चालण्याजोगा नव्हता. त्यांना शहर हवे होते, आणि शहरात त्या वेळी नेमकी एकच वस्तू मिळत नव्हती, ती म्हणजे जागा.

येथे एका जुन्या तक्रारीचा निकाल लावून टाकू. ‘निर्वासित आले आणि भाडी वाढली’ असे त्या काळी मुंबईत बोलले गेले, नागपुरात बोलले गेले, आणि आजही म्हातारी मंडळी बोलतात. सनावळी पाहिली तर ही तक्रार अर्धीच खरी ठरते. मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली झाला. दुसरा 1939 साली. आपल्या मध्यप्रांत व वऱ्हाडात जागा भाड्याने देण्यावर नियंत्रण घालणारा कायदा 1946 साली झाला, म्हणजे फाळणीच्या एक वर्ष आधी. सिंध्यांचे पहिले गाठोडे नागपूरच्या फलाटावर पडण्यापूर्वीच येथे घरांची टंचाई इतकी होती की सरकारला कायदा करावा लागला. युद्धाने लोखंड आणि सिमेंट लष्कराकडे वळवले, घरबांधणी थंडावली, आणि कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या ओढीने खेड्यांतला माणूस शहरात आला. निर्वासित त्या भरलेल्या गाडीत शेवटच्या स्थानकावर चढला. शिव्या मात्र त्यालाच बसल्या, कारण तो दिसत होता.

तक्रारीचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा आहे, आणि तो कबूल केला पाहिजे. मुंबईच्या 1947 च्या कायद्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकले. जो आधीपासून घरात होता त्याचे कल्याण झाले. जो बाहेर उभा होता त्याला कायद्याने काहीच दिले नाही. मालकाला भाडे वाढवता येईना, तेव्हा त्याने दारातच रोख रक्कम मागितली. हीच ती पागडी. कायद्याने ती गुन्हा ठरवली होती; पण गुन्हा शाबित करायला पावती लागते, आणि पागडीची पावती कोण देतो? ज्या सिंधी कुटुंबाने दागिने वाचवून आणले होते त्याने ते मोडून पागडी भरली व खोली मिळवली. अशा रोखीच्या गिऱ्हाइकामुळे पागडीचा भाव चढला असेल, नव्हे चढलाच. पण त्याच दारावर कोकणातून वा वऱ्हाडातून नुकताच आलेला मराठी गिरणीकामगारही उभा होता, आणि त्याच्याजवळ मोडायला दागिने नव्हते. एका मापाचा कायदा दोघांनाही सारखाच निरुपयोगी ठरला. आमच्या मते भाडेनियंत्रणाच्या इतिहासातला हा मोठा दोष होय. आत बसलेल्याचे रक्षण त्याने केले. येणाऱ्याचा विचार केला नाही.

याला आपल्याच प्रांताचा एक अपवाद आहे. तो वकीलमंडळींना ठाऊक असतो, इतरांना नसतो. 1949 साली मध्यप्रांत सरकारने घरे भाड्याने देण्यासंबंधी व भाडेनियंत्रणासंबंधी एक हुकूम काढला. पुढे 1956 साली वर्धा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात आला, तरी विदर्भातील शहरांत हाच हुकूम चालू राहिला. त्यात कुळाला काढण्यासाठी आधी भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. त्याहून महत्त्वाचे कलम वेगळेच होते. घर रिकामे झाले की मालकाने ते कलेक्टरला कळवायचे, आणि कलेक्टरने ते कोणाला द्यायचे ते सांगायचे. कोणाला, त्याची यादी हुकुमात होती : सरकारी नोकर, आणि त्याच ओळीत निर्वासित. म्हणजे कालपरवा आगगाडीतून उतरलेला दुकानदार कायद्याच्या कागदावर तहसीलदाराच्या शेजारी उभा राहिला. प्रत्यक्षात रिकामी घरे थोडी, बदलून येणारे अंमलदार फार, आणि मालक घर रिकामे झाल्याचे कळवण्याऐवजी आपल्या भाच्याला त्यात आणून ठेवण्यात पटाईत. तरीसुद्धा घरमालकाच्या हक्काहून बेघराची गरज वरची मानणारे हे कलम आपल्याकडे होते, याची नोंद राहिली पाहिजे. नागपुरात जरीपटका आणि खामला या बाजूंस सिंध्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या मात्र कलमाच्या जोरावर नव्हेत. मोकळ्या जागेवर वस्ती बसवून त्या उभ्या राहिल्या.

आता छावण्यांकडे वळू. कल्याणजवळ युद्धकाळात लष्कराचा मोठा तळ होता. युद्ध संपले, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. त्या बराकींत सिंधी कुटुंबे आणून घातली. शिपायांसाठी बांधलेली लांबच लांब खोली. तिच्यात गोणपाट, जुनी लुगडी, पत्र्याचे तुकडे लावून कुटुंबागणिक कप्पे पाडले. एका कप्प्यात खोकला झाला तर चार कप्प्यांत झोपमोड. नळ सामाईक, शौचकूप सामाईक. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. 1951 च्या शिरगणतीत तेथे सुमारे 80,000 माणसे होती. एवढी वस्ती तेव्हा विदर्भात नागपूरखेरीज फार थोड्या शहरांना असेल. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, पुरुषांनी लोकलगाडीत गोळ्या-पेन्सिली विकल्या. निजायची जागा हीच कारखान्याची जागा झाली. घरभाडे त्या पापडांतून निघाले म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकीकत तर आणखी विलक्षण आहे. तेथे 1943 साली पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी बांधली होती. घरून उचलून सैबेरियाकडे नेलेले, तेथून इराणमार्गे सुटलेले हे लोक, बहुतेक बायका आणि मुले, सुमारे पाच हजार, पंचगंगेच्या काठी चारपाच वर्षे राहिले. ते गेले आणि त्याच घरांत सिंधी आले. आज त्या जागेचे नाव गांधीनगर, आणि घाऊक कापडाची पेठ म्हणून व्यापारी तिला ओळखतात. एकाच छपराखाली दोन देशांचे परागंदा लोक पाठोपाठ राहिल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे आम्हांस ठाऊक नाही.

बराकी फुकट राहिल्या नाहीत. सुरवातीस शिधा मिळे, पुढे तो बंद झाला आणि जागेचे भाडे मागण्यात येऊ लागले. पुष्कळांचे थकले. पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्याचा कायदा 1950 साली झाला, आणि भरपाई देण्याचा 1954 साली. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. लहान दाव्याला मोठ्या प्रमाणात भरपाई आणि मोठ्या दाव्याला लहान प्रमाणात, असे कोष्टक होते, आणि ते न्याय्यच होते. पण ही भरपाई पुष्कळदा रोख मिळत नसे. ज्या सरकारी खोलीत कुटुंब राहत होते तिचीच किंमत तीतून वळती होई; आणि सरकारी कर्ज व भाड्याची थकबाकी असेल तर तीही आधी कापली जाई. सक्करला माडीचे घर सोडून आलेल्याने अशा रीतीने त्या माडीच्या बदल्यात गोणपाटाची खोली विकत घेतली. आणि ज्याचे सिंधमध्येही घर भाड्याचेच होते, त्या कारकुनाचा किंवा मास्तराचा दावा कसला? त्याने काहीच गमावले नाही असे कागद म्हणत होता. त्याने ती खोली हप्त्यांनी घेतली. भरपाईचा कायदा गेलेली मालमत्ता मोजत होता; मोडलेला संसार मोजण्याचे माप त्याच्यापाशी नव्हते.

या प्रकरणाशी वर्धा जिल्ह्याचाही संबंध आहे. गांधीजींच्या हत्येनंतर मार्च 1948 मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांचा मेळावा भरला. पंडित नेहरू आले होते आणि निर्वासितांच्या कामात त्यांनी मदत मागितली. विनोबा पवनार सोडून दिल्लीकडे गेले. तेथे त्यांच्या वाट्यास विशेषकरून मेवांचे काम आले. हे मुसलमान शेतकरी. पळवून लावलेले, पण पाकिस्तानात न गेलेले. त्यांची घरे-जमिनी रिकाम्या समजून तेथे पाकिस्तानातून आलेले निर्वासित बसवले गेले होते. एका बेघराला छप्पर देताना दुसरा बेघर होतो, हे कोडे कचेरीत बसून सुटत नाही; आणि सरकारी यंत्रणेच्या संथपणावर विनोबांसारख्या शांत माणसानेही नाराजी दाखवली.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण एवढेच की ही गोष्ट आपल्यापुरती नाही. 1991 साली सोमालियाचे सरकार कोसळले आणि लक्षावधी सोमाली शेजारच्या केनियात शिरले. दादाब येथे 90,000 माणसांसाठी आखलेल्या छावण्यांत पुढे त्याच्या कितीतरी पट माणसे राहिली. ज्यांना छावणी सोसवेना ते नैरोबीच्या ईस्टली भागात गेले. तेथे गॅरिसा लॉज नावाच्या एका उतारूगृहात खोल्या घेऊन लोक रात्री निजत आणि दिवसा त्याच खोल्यांत माल मांडीत. पुढे त्याचा बाजार झाला. स्थानिक रहिवासी म्हणू लागले, हे आले आणि भाडी वाढली. आणि ज्या नव्या सोमाली कुटुंबापाशी भांडवल नव्हते तेही त्याच वाढलेल्या भाड्याखाली चिरडले. उल्हासनगर ज्याने पाहिले आहे त्याला ईस्टली समजावून सांगावे लागत नाही.

आमच्याकडचा हिशेब मात्र अजून पुरता मिटलेला नाही. विदर्भाचा 1949 चा हुकूम आणि मुंबईचा 1947 चा कायदा, दोन्ही 31 मार्च 2000 पासून नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने रद्द झाले. आणि मौज अशी की जी पागडी घेणे गुन्हा होते ती घेण्यास या नव्या कायद्याने मुभा दिली. निर्वासितांच्या दाव्यांचे व भरपाईचे केंद्राचे कायदे 2005 साली रद्द झाले. कायदे गेले, पण पुष्कळ वसाहतींत घराखालची जमीन राहणाऱ्याच्या नावे झालेली नव्हती. उल्हासनगरात बराकींवर चढलेले बेकायदा मजले नियमित करण्यासाठी 2006 साली वेगळा कायदा करावा लागला. आणि 2025 साली राज्य सरकारने राज्यातील सिंधी विस्थापितांच्या जमिनींचे पट्टे नियमानुकूल करण्यासाठी विशेष अभय योजना आणली. बोटीतून उतरले त्यांची नातवंडे आता अर्ज भरीत आहेत. उल्हासनगरच्या पुष्कळ पत्त्यांत अद्यापही आधी बराकीचा नंबर येतो, मग खोलीचा.