लांकडी पेटींतील आवाज

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत नभोवाणीचें यंत्र युरोप-अमेरिकेंतील घरांत शिरलें, तेव्हां प्रयोगशाळेंतलें एखादें उपकरण चुकून दिवाणखान्यांत यावें तसें तें दिसत असे. फ्लेमिंगनें १९०४ सालीं व्हॉल्व्ह सिद्ध केला, ली डी फॉरेस्टनें १९०६ सालीं त्यांत तिसरा ध्रुव घातला, आणि क्षीण लहरी मोठ्या करण्याची किल्ली माणसाच्या हातीं आली. पण कांचेचे उघडे व्हॉल्व्ह, आम्लानें भरलेल्या बॅटऱ्या आणि वर कर्णा, हा संसार कोणत्या गृहिणीला रुचावा? घरच्या विजेवर चालणारीं यंत्रें निघालीं तशा बॅटऱ्या गेल्या, आणि उरलेलें सारें एका लांकडी पेटींत मावलें.

या पेट्यांचा इतिहास पाहावयाचा तर इंग्लंडांतील मर्फी कंपनीचा पाहावा. ओठाजवळ बोट नेलेल्या बाळाच्या जाहिरातीमुळें हें नांव पुढें महाराष्ट्रांतहि घरोघर झालें. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनीं १९२९ सालीं वेलविन गार्डन सिटी येथें ती स्थापिली. त्या काळीं कोणाची पेटी चर्चच्या खिडकीसारखी कमानदार, तर कोणाच्या ध्वनिक्षेपकाच्या जाळीवर उगवता सूर्य कोरलेला. मर्फीनें पेटीचें काम ब्रॉडवे गांवच्या गॉर्डन रसेल यांच्या फर्निचरच्या कारखान्याकडे दिलें. गॉर्डनचे बंधु डिक रसेल हे शिक्षणानें वास्तुशिल्पज्ञ. त्यांनीं नक्षीला रजा दिली; अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याची नैसर्गिक रेषा आणि साध्या कडा एवढ्यावर भागविलें. आज तें रूप साधें वाटतें. तेव्हां तो धीटपणा होता.

मग युद्ध आलें. कारखाने लष्करी कामाला जुंपले गेले, नवीं यंत्रें मिळेनाशीं झालीं, आणि १९४४ सालीं ब्रिटनमध्यें नागरिकांसाठीं एकच नमुना ठरविण्यांत आला. आराखडा मर्फीच्याच जी. डी. रेनॉल्ड्स यांचा, बनविणारे कारखाने चाळिसांवर. पण पेटीवर नांव कोणाचेंच नाहीं, नुसता सांकेतिक आंकडा. लांकूड पाइनचें, पट्टा फक्त मध्यम लहरींचा. अशी पेटी हातीं आल्यावर जो संग्राहक तिला आरशासारखी चकाकी आणतो, तो त्या सालची टंचाईच पुसून टाकतो.

जुनें राखावें कीं नवें करावें, हा प्रश्न पेटीच्या पोटांतहि उभा राहतो, आणि तेथें तो जिवावरचा असतो. जुनें यंत्र मिळतांच उत्साहानें विजेला जोडणें हा त्याच्या नाशाचा हमखास मार्ग. मेण लावलेल्या कागदाचे कंडेन्सर वर्षानुवर्षें ओलावा पीत आलेले असतात. त्यांनीं अडवावयाचा प्रवाह ते झिरपूं देतात. तो शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोंचला कीं व्हॉल्व्ह बेसुमार वीज ओढतो आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून जाणता कारागीर आधीं कंडेन्सर बदलतो, मग विजेच्या वाटेवर एक दिवा जोडून यंत्र सुरू करतो. दिवा प्रखर पेटून तसाच राहिला तर आंत दोष आहे असें समजावें. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या यंत्रांत तर बहुधा पत्र्याची चौकटच थेट विजेला जोडलेली असते. लांकडी पेटी आणि बाकेलाइटचीं बटणें हेंच माणसाचें संरक्षण. निखळलेल्या बटणाच्या उघड्या दांड्याला हात लावणाऱ्यास ही गोष्ट फार उशिरां कळते.

कांहीं कारागीर जुन्या कंडेन्सरच्या नळींतला कागद काढतात, आंत नवा लहान कंडेन्सर बसवितात आणि मेणानें तोंड बंद करतात. काम कष्टाचें आणि देखणें; मात्र पुढच्या कारागिराला फसविणारें. पेटींत तारखेसह एक चिठ्ठी ठेवली तर तो दोष उरत नाहीं.

इतकें झाल्यावर व्हॉल्व्ह तापतात, पट्टीमागचा दिवा लागतो आणि कांचेवरचीं गांवें उजळतात. पण बेरोम्युन्स्टरची मध्यम लहर २००८ सालीं थांबली, हिल्व्हर्सुमच्या डच सार्वजनिक नभोवाणीची २०१५ सालीं, आणि लक्झेंबुर्गची दीर्घ लहर २०२३ च्या आरंभीं. कांटा त्या नांवांवर आणला कीं पूर्वींचा आवाज येत नाहीं, बहुधा खरखरच येते. म्हणून कांहीं संग्राहक घरापुरतेंच ऐकूं जाईल असें चिमुकलें प्रक्षेपक यंत्र शेजारच्या खोलींत ठेवतात आणि त्यावरून जुन्या ध्वनिमुद्रिका लावतात.