गुप्तरोगामुळे लैंगिक समस्या निर्माण होतात का?

लिंगाला ताठरता येत नाही, वीर्यपतन लवकर होते किंवा संबंधाच्या वेळी दुखते, अशी तक्रार असली की अनेक जण ती 'कमजोरी' समजून ताकदीच्या गोळ्या घेतात. काही वेळा मूळ कारण लैंगिक संबंधातून झालेला संसर्ग असतो. या गोळ्यांनी तो बरा होत नाही, उलट उपचाराला उशीर होतो.

पुरुषांमध्ये
क्लॅमिडिया किंवा परमा (गोनोरिया) यांचा संसर्ग मूत्रमार्गातून वर सरकून प्रोस्टेट ग्रंथीला सूज आणू शकतो. त्यामुळे वीर्यपतनाच्या वेळी वेदना, वीर्यात रक्त किंवा शीघ्रपतन अशा तक्रारी उद्भवतात. सिफिलिसवर उपचार झाले नाहीत तर काही रुग्णांमध्ये अनेक वर्षांनी मज्जारज्जूला इजा होऊन ताठरता कमी होते.

स्त्रियांमध्ये
संसर्ग गर्भाशय आणि बीजनलिकांपर्यंत पोहोचल्यास ओटीपोटात आणि संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखते. वारंवार दुखले की भीती बसते, योनीत कोरडेपणा जाणवतो आणि इच्छाही कमी होते. क्लॅमिडियाची बहुतेक स्त्रियांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत, हे लक्षात ठेवा.

मनावरचा ताण
संसर्ग बरा झाल्यावरही अपराधीपणा किंवा जोडीदाराला लागण होण्याची भीती टिकून राहते. सकाळी उठताना ताठरता येते, पण संबंधाच्या वेळी येत नाही, असे असेल तर कारण बहुधा मानसिक असते. अशा वेळी समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो.

तुम्ही काय करावे?
• लघवीची तपासणी, सिफिलिस व एचआयव्हीसाठी रक्त तपासणी करून घ्या. ताठरतेची तक्रार असल्यास रक्तातील साखर आणि रक्तदाबही तपासा.
• दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा.
• जोडीदारावरही उपचार हवेत, नाहीतर संसर्ग पुन्हा होतो. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळा. नंतर निरोध वापरा.
• हृदयविकारासाठी नायट्रेट घेत असाल तर सिल्डेनाफिल कधीही घेऊ नका. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो.
• अंडकोषात अचानक तीव्र वेदना झाल्यास लगेच रुग्णालयात जा.

शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी, औषधे व समुपदेशन मोफत मिळते आणि तुमची माहिती गोपनीय ठेवली जाते. 1097 या मोफत हेल्पलाइनवरही विचारू शकता. लाजेपोटी महिने वाया घालवू नका. वेळेत उपचार घेतल्यास यांपैकी बहुतेक तक्रारी कमी होतात.